फ्लेक्सवरचा समुद्र

पुसदहून आर्णीकडे येताना मी बसमध्ये डावीकडची खिडकी धरते. दिग्रस मागे पडलं की त्या बाजूला शेतंच शेतं लागतात, आणि कार्तिक सुरू झाला की त्या शेतांत पऱ्हाटी फुटलेली असते. लोक कापसाला पांढरं सोनं म्हणतात. मला तसं कधी वाटलं नाही. मला पऱ्हाटी झोपेतून उठल्यासारखी वाटते. बोंड पहिल्या दिवशी जरासं किलकिलं होतं, दुसऱ्या दिवशी अर्धं उघडतं, आणि तिसऱ्या दिवशी कापूस बाहेर येऊन वाऱ्यावर लोंबायला लागतो, जणू पडलेलं स्वप्न त्याला आत आवरता आलं नाही.

यंदाही मी हॉस्टेलवरून सुट्टी घेऊन वेचणीला आले. फाट्यावर उतरले. तिथे दोन लोखंडी खांब आहेत. त्यांच्या मध्ये सध्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. दोन वर्षांपूर्वीच्या वेचणीत तिथे समुद्र होता. निळाशार, लाटांसकट. त्या समुद्रासमोर माझा भाऊ उभा होता, आणि खालची अक्षरं माझी होती.

त्या हंगामाबद्दल लिहायचं खूप दिवस मनात आहे. कसं लिहावं ते कळत नाही. त्यातलं अर्धं मला माहीत नाही, आणि जे माहीत आहे त्यातलं अर्धं सांगायचं नाही. म्हणून आधीच सांगते, तांड्याचं नाव मी लिहिणार नाही. भावाचंही नाही. आम्ही बंजारा. घरी गोरबोली बोलतो, आईला याडी म्हणतो, वडिलांना बा आणि मोठ्या भावाला भिया. इथे तो भियाच राहील. घरातलं बोलणं सगळ्यांना कळावं म्हणून आमच्या इकडच्या मराठीत लिहिते आहे.

भिया पोहायला शिकला तो शेतातल्या विहिरीत. बानं त्याच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि त्याला आत लोटून दिलं. मी काठावर बसून पाहत होते. पाणी खोल होतं, हिरवट होतं, आणि त्याचा डबा आधी वर यायचा, मग तो. काही दिवसांनी डबा सुटला. मग तो तळाशी जाऊन मूठभर गाळ आणून दाखवायचा. मी वर आकडे मोजायचे. कितीपर्यंत मोजायचे ते आता आठवत नाही, पण तो वर येईपर्यंत मीही श्वास धरलेला असायचा आणि शेवटी माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी यायची. अजूनही फोन बरेच दिवस आला नाही की मला तसंच होतं.

समुद्र आमच्या घरात कोणी पाहिला नव्हता. तरी तो अगदीच परका नव्हता. तांड्यातली जुनी माणसं सांगतात की आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ वाहायचे. किनाऱ्यावरून निघालेलं मीठ महिनोन्‌महिने चालत आमच्या या काळ्या मातीच्या मुलखात यायचं. त्या प्रवासाला लदेणी म्हणत. मला लहानपणी वाटायचं, एवढे लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडे जाऊन आले, मग त्यांनी समुद्र कसा असतो ते कोणाला सांगितलं कसं नाही? मीठ आणलं आणि समुद्र तिथेच ठेवला.

बारावीनंतर भिया नौदलात खलाशी म्हणून लागला. पहिल्या फोनवर मी विचारलं, "समुद्र कापसासारखा दिसते का रे?" तो हसला. म्हणाला, "नाही व. राखट दिसते. चुलीतली राख भिजल्यावर दिसते ना, तसा. आन थांबतच नाही थो. सारखा काही ना काही करतच राह्यते." मला ते फार आवडलं होतं. मी वहीत लिहून ठेवलं.

मग तो हंगाम आला. मी कॉलेजात नुकतीच गेले होते, आमच्या घरातली पहिलीच. सीतादहीचा दिवस होता. पहिली वेचणी करायच्या आधी याडी शेतात दहीभात नेते, पऱ्हाटीच्या बुडाशी हळदकुंकू वाहते आणि चारी दिशांना दहीभाताची शितं शिंपते. कापूस दह्यासारखा घट्ट आणि पांढरा येवो, असं त्यात असतं. याडी शितं शिंपत होती आणि माझा फोन वाजला. भिया सांगत होता की त्यानं सागरी कमांडोंसाठी नाव दिलं होतं, आणि पहिल्या चाळणीतून तो पार झाला. पुढचं शिक्षण सुरू होणार होतं. शेवटी म्हणाला, "घरी सांग. बाकी कोनाले सांगू नको."

मी बाकी कोणाला सांगितलं नाही. बाला सांगितलं, याडीला सांगितलं. बानं नायकांना सांगितलं. नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख, आमचे काकाच. आता हे समजून घ्यायला तांड्यात राहावं लागतं. आमच्याकडे गुपित असतं ते बाहेरच्यांपासून. तांड्यातल्या माणसापासून लपवणं म्हणजे गुपित नव्हे, गर्व. आणि नायकांना कळलं की ते साऱ्यांना कळतं, तेही आनंदानं.

आमच्या भागात कोणी पोलीस झालं, तलाठी झालं, दहावीत चांगले गुण मिळवले, तर फाट्यावर फ्लेक्स लागतो. आमच्या तांड्याचा तोवर एकही लागला नव्हता. त्या संध्याकाळी नायक आमच्या अंगणात बसले आणि म्हणाले, "आता आपला बोर्ड लागन. असा लागन का आर्णीवाले उतरून पाहतीन. वैशू, तू कॉलेजात हायेस. मजकूर तू लिव्ह."

मी रात्रभर सुखात होते, असं आठवतं. फोनवर शोध शोध शोधलं. सागरी कमांडोंची तुकडी ऐंशीच्या दशकात उभी राहिली. नौदलातलेच लोक तिच्यासाठी स्वतःहून नाव देतात. आधी शरीर आणि मन पिळून पाहतात, झोपू देत नाहीत, मग विमानातून उडी मारायला शिकवतात, मग पाण्याखाली अंधारात काम करायला. बहुतेक जण मध्येच आपल्या जहाजावर परतात, आणि त्यात कमीपणा नसतो. हे वाचताना मी सारखी विहिरीच्या काठावर होते. आणि मग मी लिहिलं. त्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, तांडा, तालुका, तुकडी, शिक्षण कुठे चाललं आहे ते शहर. एकही गोष्ट सोडली नाही. परीक्षेत सगळे मुद्दे लिहिल्यावर जसं वाटतं तसं मला वाटलं. वर नायकांनी सांगितलेली ओळ टाकली, "तांड्याचा वाघ, समुद्राचा राजा".

फ्लेक्स छापणाऱ्यानं पाठीमागे समुद्र टाकला. नारळाची झाडं टाकली. एक जहाज टाकलं, ते प्रवाशांचं होतं, वर रंगीत छत्र्या दिसत होत्या. खाली अठरा शुभेच्छुकांचे फोटो. आणि उजव्या कोपऱ्यात बा. आयुष्यात पहिल्यांदा बाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत कुठे तरी आलं होतं. बा वाचू शकत नाही, पण आपलं नाव ओळखतो. तो दररोज काडीपेटी आणायला फाट्यावर जायला लागला. काडीपेटी न घेताच परत यायचा. याडी म्हणायची, "आनली का?" तो म्हणायचा, "इसरलो वो." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा. आम्ही शेतात वेचत असू, कमरेच्या ओटीत कापूस भरत असू, आणि दूर रस्त्यावर त्याचं लाल पागोटं फाट्याकडे जाताना दिसायचं. तो हंगाम माझ्या मनात त्या दिवसांत थांबून राहिला आहे. ऊन कोवळं होतं, बोटांना बोंडांची टोकं टोचत होती, आणि आम्ही सगळे थोडे जमिनीपासून वर चालत होतो.

आठवड्यानं भियाचा फोन आला. तांड्यातल्या पोरांनी फ्लेक्सचा फोटो स्टेटसला ठेवला होता, तो त्याच्यापर्यंत पोहोचला होता. आवाज शांत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वैशू, मजकूर कोनं लिवला?"

"मीनं."

"चांगला लिवला." मग म्हणाला, "आता उतरव थो."

"काहून?"

"आमचे तोंडं कोनी पाहू नये म्हनून आमी तोंडाले फडकं बांधतो. आन तू माह्या घराचा पत्ता फाट्यावर टांगला. उद्या मी ज्याले पकडाले जाईन, त्याचे मानसं याडीच्या दारात आले तं? माह्यं सोड. माह्यासंग जे हायेत त्याईचं काय?"

मी विचारलं, "तुले काढतीन का?"

"उद्या साहेबासमोर उभं राहाचं हाये. ठेवतीन का परत धाडतीन, थे त्याईच्या हातात. तू बोर्ड काढ. आन बाले नीट सांग. त्याले वाईट वाटन."

मी बाला सांगितलं तेव्हा तो घरातल्या कापसाच्या गंजीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग उठला, भिंतीवरचा इळा घेतला आणि फाट्यावर गेला. मी मागे धावले. भर दुपार होती. बा खांबावर चढला आणि इळ्यानं दोऱ्या कापायला लागला. समुद्र एका बाजूनं लोंबला, मग सगळा खाली आला. तोवर नायक आणि चार-सहा माणसं धावत आली होती.

"काय करून राह्यला बे? याड लागलं का?" नायकांचा आवाज चढला. "पोट्ट्यानं चोरी केली का? आनंदाचा बोर्ड कोनी उतरवते का?"

बा खाली उतरला. खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगितलं असतं तर तेही संध्याकाळपर्यंत आर्णीच्या बाजारात पोहोचलं असतं, आणि पहिल्यापेक्षा जास्त चवीनं. बा फ्लेक्सची घडी घालत राहिला आणि खाली पाहून म्हणाला, "निवड नाही झाली, नायक. पोरीच्या ऐकन्यात चूक झाली. तो जहाजावर सैपाक करते."

"सैपाक?"

"हो. दोनशे जनाचा."

कोणीतरी हसलं. नायक माझ्याकडे वळले. "कॉलेजात जाऊन हेच शिकली का व? साऱ्या तालुक्यात आमचं हसू केलं." मी मान खाली घातली. मला वाटलं होतं की मी रडेन, पण बाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रडू आलं नाही. तो फ्लेक्सच्या घडीवरून हात फिरवत होता, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. घरी आणून त्यानं तो गंजीखाली अंथरला, छापील बाजू जमिनीकडे करून.

त्यानंतर बाला तांड्यात नवीन नाव पडलं. "काय म्हनते कमांडोचा बाप? पोरानं आज किती कांदे कापले?" बा म्हणायचा, "पोतंभर." सोयाबीन विकायला गेला तर तिथेही कोणीतरी विचारायचं. "वरनात पानी किती टाकते म्हना तुमचा पोरगा?" बा म्हणायचा, "समुद्रभर." लोक हसायचे, तोही हसायचा. घरी येऊन मात्र तो हातपाय धुवायला खूप वेळ लावायचा.

भियानं त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही. साहेबांनी त्याला ठेवलं की परत धाडलं, हे आम्हाला कळलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "जहाजावर हाये." आम्ही विचारायचं सोडलं. दोन वर्षं मी ते घेऊन फिरते आहे. माझ्या हातच्या त्या अक्षरांनी त्याचं स्वप्न बुडवलं का? हॉस्टेलच्या खोलीत पंखा फिरत असतो, बाकीच्या मुली प्रश्नपत्रिका सोडवत असतात, आणि मी पाण्याखाली कोणाची तरी वाट पाहत असते.

यंदा इतिहासाच्या मॅडमनी एखाद्या सैन्यदलाचा इतिहास आणि कार्य असा प्रकल्प करायला सांगितला. मी सागरी कमांडो निवडले. ग्रंथालयात बसून मिळेल ते वाचलं. श्रीलंकेतल्या एका धक्क्यापर्यंत ते स्फोटकांचे तराफे ओढत पोहत गेले होते. काश्मिरात समुद्र नाही, तरी तिथल्या एका मोठ्या तळ्यावर ते वर्षानुवर्षं पहारा देत आले आहेत, आणि वाढवलेल्या दाढ्यांमुळे तिकडे त्यांना दाढीवाली फौज म्हणत. मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हॉटेलात शिरणाऱ्यांत ते होते, आणि नंतर तोंडावर काळं फडकं बांधून थोडंसं बोलून निघून गेले. चाच्यांनी धरलेल्या जहाजांवर ते उतरतात आणि खलाशांना सोडवतात. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. जहाजांची नावं होती, जागांची होती, माणसांची फार थोडी होती. आम्हाला वर्गात शिकवतात की जे नोंदलं गेलं तो इतिहास. पण ज्यांचं काम नोंद न होण्यावरच उभं आहे, त्यांचं काय करायचं? मी हा प्रश्न प्रकल्पात लिहिला आणि खोडला.

मॅडमनी प्रकल्प चाळला आणि विचारलं, "एवढं मन लावून केलंस. घरी कोणी नौदलात आहे का?"

मी म्हणाले, "हो मॅडम. भाऊ. जहाजावर स्वयंपाकी आहे."

आणि या वेचणीत भिया सुट्टीवर आला. सांगून नाही. मी ओटीत कापूस भरत होते, शेजारच्या तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत, कोणीतरी वेचायला लागलं, मी वर पाहिलं तर तो. दाढी वाढलेली. दाढी तर नौदलात कोणीही ठेवतं, मी स्वतःला समजावलं. तो वाळला होता, उन्हानं करपला होता, आणि पूर्वीपेक्षा कमी बोलत होता. आम्ही दिवसभर शेजारी शेजारी वेचलं. विचारायचं अगदी ओठांवर येत होतं. माझ्या माफीचं वाक्यसुद्धा पाठ होतं. एकदा तो म्हणाला, "तुह्या तासात बोंडं राहून राह्यले. अभ्यासाची सवय लागली तुले." मी म्हणाले, "तुह्याही तासात राह्यले." एवढंच झालं.

दिवस मावळायच्या सुमारास नायक घरी आले. मागे दोन शुभेच्छुक, दारातच उभे राहून दात काढत. भिया नायकांच्या पाया पडला. नायक चुलीजवळ पाटावर बसले आणि म्हणाले, "दोन वर्षं झाले ऐकून राह्यलो. आज तुह्या हातची भाकर खाऊनच जातो. पाहू दे, साहेब लोकं काय खातेत."

भियानं बाच्याकडे पाहिलं. बा म्हणाला, "थाप ना बाप्पा. नायकाले दाखव."

याडी परात घेऊन पुढे झाली तर नायकांनी हात आडवा केला. "तू नको व, वयनी. दोनशे जनाचं करते थो."

भियानं हात धुतले आणि ज्वारीचं पीठ घेतलं. पाणी जास्त झालं. मग पीठ जास्त झालं. पहिली भाकर थापताना कडेनं फाटली, त्यानं ती तशीच तव्यावर टाकली. दुसरी एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. धूर झाला. दारातले दोघं खोकत हसायला लागले. नायक हसत नव्हते. ते भियाच्या हातांकडे पाहत होते. जाळाच्या उजेडात त्याचे तळवे दिसत होते, दोराच्या ओढीनं पडलेले जाड वळ आडवे गेलेले, आणि बोटांची पेरं दगडासारखी झालेली. मीही तेव्हाच पाहिले. आणि तरीही मला काही कळलं नाही, कारण दोर तर सगळ्याच जहाजांवर असतात.

बानं पहिली भाकर ताटात घेतली. मोडली तर आत कोरडं पीठ. त्यानं ठेच्यासोबत मोठा घास घेतला आणि चावत राहिला. बानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, करपलेली कड आधी खाल्ली.

"जहाजावर अशीच लागते," तो म्हणाला. "पानी हलत राह्यते ना खाली. आन, अजून एक आन."

नायकांनी बाच्या चेहऱ्याकडे खूप वेळ पाहिलं. घाम आला होता त्याला. मग त्यांनी बाच्याच ताटातला तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. गिळायला त्यांना वेळ लागला. ते दाराकडे वळले.

"काय दात काढून राह्यले बे? सैपाकीच हाये पोरगा. फाट्यावर कोनी इचारलं, बाजारात कोनी इचारलं, हेच सांगाचं. नायकानं सोता खाल्लं म्हना."

दारातलं हसू थांबलं. भियानं तव्यावरची तिसरी भाकर उलथली. तीही करपली होती. नायकांनी आपलं ताट पुढे केलं.